इस्त्रीचे टेबल

इस्त्रीचे टेबल हे कपड्यांना इस्त्री करण्यासाठी वापरले जाणारे, वरून मऊ गादी व कापडी खोळ बसवलेले घरगुती साधन आहे. त्याला इस्त्रीची फळी किंवा इस्त्री बोर्ड असेही म्हणतात. बाजारात मिळणारे टेबल बहुधा घडीचे असते. त्याची फळी सुमारे ११० ते १२५ सेंटीमीटर लांब व ३० ते ४० सेंटीमीटर रुंद असून एका टोकाला निमुळती होत जाते. हा आकार पाश्चात्त्य पद्धतीच्या शिवलेल्या कपड्यांवरून, विशेषतः सदऱ्याच्या आणि झग्याच्या बाह्यांवरून ठरलेला आहे. साडी, लुगडे, धोतर, उपरणे अशी न शिवलेली लांबरुंद वस्त्रे ज्या घरांत नित्य वापरात आहेत, तेथे तो अपुरा पडतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत आजही जमिनीवर, पलंगावर किंवा जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून इस्त्री केली जाते, त्यामागे जागेच्या व खर्चाच्या अडचणीइतकेच हेही कारण आहे. कोकण किनाऱ्यावरील दमट व खाऱ्या हवेत तयार टेबलांच्या आणखी काही उणिवा उघड्या पडतात.

नाव

‘इस्त्री’ किंवा ‘इस्तरी’ हा शब्द ताणणे, पसरणे या अर्थाच्या ‘एस्तिरार’ या पोर्तुगीज क्रियापदापासून आला असे सामान्यतः मानले जाते. संस्कृत ‘स्त्री’ शब्दाशी त्याचा व्युत्पत्तीने संबंध नाही. घरातील इस्त्रीचे काम मात्र दीर्घकाळ स्त्रियांकडेच राहिले. कपडे धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून घालून दिलेल्या चापूनचोपून घडीला मराठीत ‘परीटघडी’ म्हणतात. हा शब्द मूळ व्यवसायाच्या पलीकडे जाऊन नीटनेटक्या पोशाखाचे वर्णन करण्यासाठी रूढ झाला आहे. टेबलासाठी मात्र मराठीत असा जुना शब्द नाही. घरात त्या कामासाठी वेगळी वस्तू ठेवण्याची पद्धतच नव्हती, याची ही एक खूण म्हणता येईल.

इतिहास

कापड गुळगुळीत करण्यासाठी कठीण व सपाट पृष्ठभाग वापरण्याची कल्पना इस्त्रीच्या उपकरणाइतकीच जुनी आहे. प्राचीन चीनमध्ये निखारे भरलेले धातूचे पसरट पात्र ताणून धरलेल्या कापडावरून फिरवीत असत. त्या पद्धतीत दोन व्यक्ती कापड हवेत ताणून धरीत, म्हणून खाली टेबलाची गरज पडत नसे. उत्तर युरोपात व्हायकिंग काळातील दफनांमध्ये देवमाशाच्या हाडाच्या सपाट पाट्या सापडल्या आहेत. १९९१ साली स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरील स्कार येथील नौकादफनात अशी एक कोरीव पाटी मिळाली. या पाट्यांवर कापड ठेवून ते काचेच्या गोल गोट्याने घासून गुळगुळीत करीत असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे.

पुढे युरोप-अमेरिकेतील घरांत दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा टेबल आणि खुर्ची यांच्यामध्ये फळी टाकून तिच्यावर जुने घोंगडे गुंडाळण्याची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या फळीला पाय, बिजागऱ्या व आधार जोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेत १८५८ मध्ये विल्यम व्हँडेनबर्ग आणि जेम्स हार्वी यांना इस्त्रीच्या फळीतील सुधारणेबद्दल पेटंट मिळाले. रेल्वे इंजिनांच्या वंगणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेले आफ्रिकन-अमेरिकन संशोधक इलायजा मॅकॉय यांनीही १८७४ मध्ये इस्त्रीच्या टेबलाचे पेटंट घेतले.

यांपैकी सर्वांत जास्त चर्चा होते ती सॅरा बून यांच्या फळीची. नॉर्थ कॅरोलायना राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या बून पुढे कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे स्थायिक झाल्या व कपडे शिवण्याचा व्यवसाय करू लागल्या. २६ एप्रिल १८९२ रोजी त्यांना ४,७३,६५३ क्रमांकाचे पेटंट मिळाले. पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. त्या काळच्या स्त्रियांच्या पोशाखाची चोळी अंगाला घट्ट बसणारी व बाही वक्र शिवणीची असे. सरळ व रुंद फळीवर अशी बाही ठेवली की एक बाजू दाबताना दुसऱ्या बाजूला नको असलेली घडी पडे. बून यांनी फळी अरुंद, कडेला वक्र, गादी असलेली आणि उलटसुलट करून बाहीच्या दोन्ही बाजूंना वापरता येईल अशी केली. शिवाय ती मिटवून ठेवता येत असे. अनेक ठिकाणी त्यांचा उल्लेख इस्त्रीच्या टेबलाच्या ‘शोधकर्त्या’ म्हणून केला जातो, पण तो अचूक नाही. त्यांचे पेटंट हे आधीपासून प्रचलित असलेल्या साधनातील सुधारणेचे आहे. तरीही ही सुधारणा महत्त्वाची आहे, कारण ती कपड्याच्या आकारावरून फळीचा आकार ठरवते. रोज तेच काम करणाऱ्या व्यक्तीलाच अशी अडचण नेमकी दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील लहान बंगल्यांत स्वयंपाकघराच्या भिंतीतील उभ्या कपाटात बसवलेली, खाली पाडता येणारी फळी लोकप्रिय झाली. त्यानंतर नळीच्या पायांची व जाळीदार धातूच्या फळीची टेबले आली. विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये घेतले होते, पण घरोघरी वीज पोहोचेपर्यंत तिचा प्रसार झाला नाही. वाफेची इस्त्री सर्रास वापरात आल्यावर लाकडी सपाट फळीऐवजी छिद्रांची किंवा जाळीची फळी आवश्यक ठरली.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रात इस्त्री हा मुख्यतः परीट समाजाचा व्यवसाय होता. गावात परीट घरोघरचे कपडे नेऊन नदीवर किंवा ओढ्यावर धूत, भट्टी लावीत, खळ व नीळ देत आणि कोळशाच्या इस्त्रीने घडी घालून परत आणीत. मुंबईत महालक्ष्मी येथील धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला व आजही चालू आहे. या व्यावसायिकांचे टेबल घरगुती फळीपेक्षा अगदी वेगळे असते. ते चौकोनी, रुंद व जड असून त्यावर घोंगडी किंवा चादरीचे अनेक थर व सर्वांत वर पांढरे सुती कापड ताणून बसवलेले असते. एका कोपऱ्यात इस्त्री ठेवण्यासाठी लोखंडी पत्रा किंवा घोडी आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचे भांडे असते. शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारी इस्त्रीची हातगाडी म्हणजे हेच टेबल चाकांवर घेतलेले असते. तमिळनाडूतील तिरुवन्नामलई येथील विनिशा उमाशंकर या विद्यार्थिनीने अशा हातगाडीसाठी सौरऊर्जेवर चालणारी रचना मांडली व ती २०२१ च्या अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोहोचली.

घरात विजेची हलकी इस्त्री आली, तेव्हा परिटाचे टेबल मात्र तिच्यासोबत आले नाही. पलंगावर दुहेरी सोलापुरी चादर, त्यावर जुने धोतर किंवा पलंगपोस, अशी तात्पुरती व्यवस्था रूढ झाली. ती स्वस्त आहे, तिला कायमची जागा लागत नाही आणि साडी पसरायला पुरेशी रुंदी मिळते. तिचे तोटे दोन आहेत. पलंगाच्या मऊ गादीवर इस्त्रीचा दाब विरून जातो व कडक घडी पडत नाही. जमिनीवर दाब उत्तम मिळतो, परंतु काम वाकून किंवा उकिडवे बसून करावे लागते, आणि तापलेली इस्त्री रांगत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर राहते.

कार्यतत्त्व

सुती कापडाचा तंतू सेल्युलोजचा असतो. त्याच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींशी हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात. कापड ओले असताना हे बंध सैल होतात आणि चुरगळलेल्या अवस्थेत ते वाळले की त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. यालाच आपण सुरकुती म्हणतो. ओलावा व उष्णता देऊन हे बंध पुन्हा सैल करणे, दाबाने तंतू सरळ करणे आणि तशाच स्थितीत ओलावा घालवून बंध पक्के होऊ देणे, अशा तीन पायऱ्यांनी इस्त्रीचे काम होते. पहिली पायरी इस्त्रीची आहे. दुसरी व तिसरी पायरी मात्र इस्त्री आणि टेबल या दोघांवर अवलंबून असते, कारण दाबाला खालून प्रतिकार टेबल देते आणि वाफेला बाहेर पडायला वाटही टेबलच देते. महागडी इस्त्री घेऊनही घडी नीट बसत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा खालच्या पृष्ठभागात असतो.

घन लाकडाच्या किंवा प्लायच्या फळीवर वाफेची इस्त्री वापरली तर वाफ थंड फळीला लागून तिचे पाणी होते. हे पाणी गादीत साचते व वरून कोरडा दिसणारा कपडा खालून ओलसर राहतो. तसाच तो कपाटात ठेवला की काही तासांत पुन्हा चुरगळतो. पावसाळ्यात त्याला बुरशीचा वासही येतो. तयार कपड्यांच्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून हवा खाली ओढून घेणारी टेबले असतात. पंखा जाळीखालून वाफ शोषून घेतो व कपडा क्षणात थंड आणि कोरडा होतो. घरी हे शक्य नसले, तरी इस्त्री फिरवल्यावर कपडा अर्धा मिनिट तसाच पसरून ठेवला तर तिसरी पायरी बरीचशी पूर्ण होते.

वेगवेगळ्या तंतूंची उष्णता सहन करण्याची व ओलावा धरण्याची क्षमता भिन्न असते. २० अंश सेल्सिअस व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरते, लोकर सुमारे १६ टक्के, तर पॉलिस्टर केवळ ०.४ टक्के. कपड्याच्या पट्टीवरील इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका असेल तर तापमान सुमारे ११० अंश, दोन ठिपक्यांना १५० अंश आणि तीन ठिपक्यांना २०० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. पॉलिस्टर-मिश्रित कापड सुती कापडाच्या तापमानावर चकाकते किंवा आक्रसते. नायलॉन तर इस्त्रीला चिकटते.

आकार आणि उंची

सहावारी साडी सुमारे ५.५ मीटर लांब आणि १.१ ते १.२ मीटर रुंद असते. नऊवारी सुमारे ८.२ मीटर लांब. साडी रुंदीत एकदा दुमडली तर ५५ ते ६० सेंटीमीटरचा पट्टा होतो, आणि तो ३८ सेंटीमीटर रुंदीच्या फळीवर मावत नाही. म्हणून साडी चार पदरी दुमडली जाते. चार पदरांतून उष्णता सर्वांत खालच्या पदरापर्यंत नीट पोहोचत नाही. परिणामी तीच साडी दोनदा उलटावी लागते, आणि वरच्या पदराची घडी खालच्या पदरावर ठसते ती वेगळीच. याउलट ६० सेंटीमीटर रुंद व १२० सेंटीमीटर लांब आयताकृती फळीवर दुपदरी साडी पूर्ण मावते. सहावारी पाच वेळा सरकवून व नऊवारी सात वेळा सरकवून एका बाजूची इस्त्री पूर्ण होते. ज्या घरात शर्ट, विजार आणि शाळेचे गणवेश यांच्यासोबत साड्याही आहेत, तेथे मुख्य फळी अशी रुंद ठेवून बाहीसाठी वेगळी लहान फळी वापरणे अधिक उपयोगी ठरते. शिंपी अशी बाहीची ठेंगणी फळी फार पूर्वीपासून टेबलावर ठेवून वापरतात. ती घरी करायची झाल्यास ६० सेंटीमीटर लांब व १० ते १२ सेंटीमीटर रुंद फळीला एका टोकाकडून आधार द्यावा, म्हणजे दुसऱ्या मोकळ्या टोकावर बाही चढवता येते. ब्लाउजची कटोरी, काखेचा भाग व खांद्याची गोलाई यांसाठी लाकडाच्या भुश्याने घट्ट भरलेली कापडी उशी वापरतात.

उंचीचा प्रश्न प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून आहे. दाब देऊन करायच्या कामासाठी पृष्ठभाग कोपराच्या पातळीपेक्षा ५ ते १० सेंटीमीटर खाली असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. सुमारे १५२ सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीचा कोपर उभे असताना जमिनीपासून अंदाजे ९५ सेंटीमीटरवर येतो; तिच्यासाठी ८५ ते ९० सेंटीमीटर उंची योग्य ठरते. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटीमीटरचे असते. त्यावर तासभर इस्त्री केली की कंबर दुखते ती या दहा-पंधरा सेंटीमीटरच्या फरकामुळे. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले, तरी हा फरक भरून निघतो. बसून इस्त्री करणाऱ्यांनी फळी मांडीच्या थोडी वर राहील इतकी खाली घ्यावी आणि विजेची तार पायांत येऊ देऊ नये.

घरगुती टेबलातील सुधारणा

गादी. तयार टेबलाची सर्वांत कमकुवत बाजू गादी असते. तिच्यात बहुधा पातळ स्पंज असतो. उष्णता व दाब यांमुळे तो काही महिन्यांत चपटा होतो आणि खालच्या जाळीची नक्षी कपड्यावर उमटू लागते. त्याऐवजी लोकरीचा नमदा किंवा जुनी, स्वच्छ धुतलेली घोंगडी दुहेरी करून वापरणे सर्वांत चांगले. मेंढीची जाडीभरडी लोकर उष्णतेने वितळत नाही, सहजासहजी पेट घेत नाही आणि भरपूर ओलावा तात्पुरता शोषून घेते. घोंगडीचे हे गुण धनगरांना पावसात उपयोगी पडतात, तेच येथेही. गादीची एकूण जाडी ६ ते १० मिलिमीटर पुरेशी आहे. त्याहून जाड गादीवर सदऱ्याच्या बटणांचा भाग व जरीकाम उत्तम होते, पण विजारीची धार बसत नाही. घोंगडी नसेल तर सुती चादरीचे चार-पाच थर चालतात. चादरीच्या विणीची नक्षी तलम कापडावर उमटू शकते, म्हणून तिच्यावर एक साधा सपाट थर आवश्यक असतो.

खोळ. खोळ पांढऱ्या किंवा न रंगवलेल्या सुती कापडाची असावी. मांजरपाट त्यासाठी योग्य आहे. रंगीत कापडाचा रंग वाफेमुळे सुटून फिक्या कपड्याला लागतो. शिवण्यापूर्वी कापड एकदा धुऊन आटवून घ्यावे, नाही तर पहिल्या धुण्यानंतर खोळ बसत नाही. कडेने पोकळ पट्टी शिवून तीत नाडी ओवली व फळीखाली ताणून बांधली, की खोळ घट्ट राहते. ढिल्या खोळीची प्रत्येक चुणी कपड्यावर उतरते. चंदेरी लेप दिलेल्या खोळी उष्णता वर परतवतात व काम थोडे लवकर होते. त्या वाफ मात्र खाली जाऊ देत नाहीत, त्यामुळे कोरड्या इस्त्रीसाठी त्या ठीक, वाफेच्या इस्त्रीसाठी तितक्याशा नाहीत. खळ दिलेल्या कपड्यांचा अंश खोळीवर साचून ती पिवळी पडते आणि इस्त्रीच्या तळालाही चिकटते. नियमित वापरात ती महिन्यातून एकदा धुणे इष्ट असते.

फळी. स्वस्त टेबलांत भुश्याच्या दाबलेल्या पुठ्ठ्याची फळी असते. वाफेचे पाणी मुरले की ती फुगते व पुन्हा पूर्ववत होत नाही. सुतारकाम करून घ्यायचे असल्यास १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड पुरते. ६० बाय १२० सेंटीमीटरची अशी फळी अंदाजे ६ किलोग्रॅमची होते, तर १८ मिलिमीटरची सुमारे ९ किलोग्रॅम होऊन उचलायला जड जाते. आठ बाय चार फुटी एका तक्त्यातून अशा चार फळ्या निघतात; शेजाऱ्यांनी मिळून घेतल्यास खर्च वाटला जातो. फळीला ६ ते ८ मिलिमीटर व्यासाची छिद्रे सुमारे पाच-पाच सेंटीमीटरवर पाडली तर वाफेला खाली वाट मिळते. छिद्रांच्या आतल्या कडा व फळीच्या चारही बाजू तैलरंगाने किंवा व्हार्निशने बंद कराव्यात, कारण प्लायवूडमध्ये पाणी प्रथम कडेनेच शिरते. वरच्या पृष्ठभागाला मात्र जाड रंग देऊ नये. गरम झाल्यावर तो मऊ पडून गादीला चिकटतो.

पाय. घडीच्या टेबलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदतात. खिळ सैल झाली की टेबल आडवे झुलते आणि इस्त्री पडण्याचा धोका निर्माण होतो. पायांच्या टोकांना रबरी टोप्या असाव्यात. जागा अगदी कमी असलेल्या घरांत, विशेषतः मुंबईतील एका खोलीच्या बिऱ्हाडांत, भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली व खालून तिरक्या टेकूने आधारलेली फळी पायांच्या टेबलापेक्षा स्थिर ठरते. इस्त्री ठेवण्यासाठी उजव्या हाताला धातूची घोडी लावावी; डावखुऱ्या व्यक्तीने ती डावीकडे घ्यावी. जुन्या काही टेबलांत या ठिकाणी ॲस्बेस्टॉसचा तुकडा असे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास घातक असतात. असा तुकडा घासू किंवा फोडू नये.

किनारी हवामानात: अंजनवेल

अंजनवेल हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील गाव वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दक्षिण काठावर वसले आहे. समोरच्या काठावर दाभोळ आहे. गोपाळगड किल्ला आणि परिसरातील मोठा वायूआधारित वीज प्रकल्प यांमुळे गावाचे नाव परिचित आहे. एका बाजूला अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूला खाडी असल्याने येथील हवेत मीठ आणि ओलावा दोन्ही भरपूर असतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारणतः तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो.

मीठ हवेतील पाणी ओढून घेते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण आपोआप विरघळून खारे पाणी बनतात. किनाऱ्यावर पावसाळ्यातील बहुतेक दिवस ही मर्यादा ओलांडलेली असते. टेबलाच्या लोखंडी पायांवर वाऱ्याने बसलेला मिठाचा थर त्यामुळे सतत ओला राहतो, आणि रंग जेथे खरचटला असेल तेथून गंज सुरू होतो. पोकळ नळीच्या पायांत व रबरी टोपीच्या आत साचलेले पाणी तर दिसतही नाही. पायांचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो: जाळीची फळी गंजली की तिचे तांबूस डाग खोळीतून वर येतात व पांढऱ्या गणवेशाला लागतात, आणि हे डाग साध्या साबणाने निघत नाहीत. देशावर दहा वर्षे टिकणारे टेबल किनाऱ्यावर तितके टिकेल अशी अपेक्षा म्हणूनच करता येत नाही.

अशा ठिकाणी लाकडी पायांचे टेबल अधिक टिकाऊ असते. साग सर्वोत्तम पण महाग. फणसाचे लाकूड कोकणात घरबांधणीत व फर्निचरमध्ये पूर्वापार वापरले जाते व या कामालाही चालते. आंब्याचे लाकूड सहज मिळते, मात्र त्याला किडीपासून जपावे लागते. प्लायवूड घेताना साध्या, केवळ ओलावा सोसणाऱ्या प्रतीऐवजी उकळते पाणी सोसणारी प्रत घ्यावी. भारतीय मानक आयएस ७१० प्रमाणे बनवलेले मरीन प्लायवूड या वर्गात मोडते. स्क्रू व बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी असाव्यात. लोखंडी पायांचे टेबल आधीच घरात असेल, तर पंधरवड्यातून एकदा पाय गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून मीठ काढणे, लगेच कोरडे करणे आणि सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडणे एवढ्याने त्याचे आयुष्य बरेच वाढते. खोबरेल तेल हाताशी असते म्हणून पुष्कळदा तेच वापरले जाते, पण ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते.

पावसाळ्यात इस्त्रीचे काम बदलते. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा घडीपेक्षा सुकवणे हाच इस्त्रीचा मुख्य हेतू होतो, विशेषतः सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या गणवेशासाठी. ओल्या कपड्यातील सर्व पाणी वाफ होऊन गादीत जाते. या चार महिन्यांत गादी काम संपल्यावर काढून वाऱ्यावर टाकणे आवश्यक असते. ती खोळीत बांधून टेबल भिंतीला मिटवून ठेवले, तर आठवडाभरात तिच्यावर काळी बुरशी येते. कपडा आधी पंख्याखाली ठेवून ‘आंबटओला’ होईपर्यंत वाळवावा व मग इस्त्री करावी, म्हणजे वीजही कमी लागते. याच्या उलट उन्हाळ्यात आणि देशावरील कोरड्या भागात सुती कपडे फार वाळतात. त्यांवर पाणी शिंपडून, गुंडाळून काही वेळ ठेवल्यावरच इस्त्री बसते.

विजेपूर्वी व वीज गेलेली असताना कोकणात नारळाच्या करवंटीचे निखारे इस्त्रीत भरण्याची पद्धत होती. करवंटीचा निखारा सावकाश व सारख्या उष्णतेने जळतो. अशा इस्त्रीसाठी जाड थराची गादी आणि जवळ पाण्याचे भांडे आवश्यक असते, कारण भोकांतून उडालेली एखादी ठिणगी खोळीत धुमसत राहू शकते.

वीज आणि सुरक्षितता

घरगुती कोरडी इस्त्री बहुधा ७५० ते १००० वॅटची, तर वाफेची १२०० ते २००० वॅटची किंवा त्याहून अधिक असते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटची मर्यादा यानुसार १३८० वॅट होते. २००० वॅटची वाफेची इस्त्री सुमारे ८.७ अँपिअर घेत असल्याने तिला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच लागते. टेबल सॉकेटपासून दूर ठेवून पातळ तारेची जोडवायर वापरणे हे वायर वितळण्याचे नेहमीचे कारण आहे. त्यामुळे टेबलाची जागा ठरवताना आधी सॉकेट पाहावे. भारतात विजेच्या इस्त्रीसाठी आयएस ३६६ हे मानक असून तिच्यावर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे आहे.

इस्त्रीला तीन पिनांचा प्लग व चांगले अर्थिंग आवश्यक असते. कोकणातील जुन्या घरांतील सारवलेली किंवा पावसाळ्यात पाझरणारी जमीन विजेची वाहक बनते. अशा जमिनीवर अनवाणी उभे राहून, ओल्या कपड्याला इस्त्री करणे धोक्याचे आहे. पायांखाली लाकडी पाट किंवा रबरी चटई घ्यावी आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. तार टेबलाच्या कडेवरून लोंबकळू न देता वरच्या बाजूने घेतल्यास लहान मूल ती ओढू शकत नाही. इस्त्री बंद केल्यावरही तिचा तळ बराच वेळ भाजण्याइतका गरम राहतो, तेव्हा ती टेबलावर मुलांच्या हाताशी ठेवून जाऊ नये. भाजल्यास तो भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. फोड मोठा असल्यास किंवा भाजलेला भाग चेहरा, हात वा सांध्यावर असल्यास वैद्यकीय उपचार घ्यावेत.

१००० वॅटची इस्त्री सलग एक तास तापत राहिली तर एक युनिट वीज वापरली जाते. तापमान नियंत्रक ती मधूनमधून बंद करीत असल्याने प्रत्यक्ष वापर याहून कमी होतो. मे २०२४ मध्ये एनर्जी स्वराज फाउंडेशनच्या पुढाकाराने सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालण्याची मोहीम चर्चेत आली आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी तिला पाठिंबा दिला. कपड्यांच्या एका जोडीला इस्त्री केल्याने सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो, असा मोहिमेचा हिशेब होता. हा आकडा अर्थातच इस्त्रीला लागणाऱ्या वेळेवर अवलंबून आहे: रुंद फळी, टणक गादी आणि योग्य ओलावा असेल तर तीच साडी बऱ्याच कमी वेळात होते. एकाच बैठकीत आधी कमी तापमानाचे कृत्रिम धाग्यांचे कपडे, मग रेशमी व लोकरी आणि शेवटी सुती, असा क्रम ठेवला तर इस्त्री पुनःपुन्हा थंड होण्याची वाट पाहावी लागत नाही.

पैठणी किंवा अन्य जरीच्या साडीला उलट बाजूने, वर पातळ सुती कापड टाकून, पाणी न शिंपडता इस्त्री करतात. जरीकाठाखाली टॉवेलची एक घडी ठेवल्यास बुट्टी चपटी होत नाही.